गजरबुवांच्या तबकडीचा कायापालट

सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे गजरबुवा म्हणत, आणि तेही मुकाट ओ देत. दोष त्यांचाच होता. मनगटी घड्याळातही गजर असतो, तोही सेलवर नव्हे तर चावीवर चालणारा, हे त्यांनीच साऱ्या दवाखान्याला ऐकवून ऐकवून पटवलं होतं. "श्वास रोखा, हलू नका," असं पेशंटला बजावावं आणि नेमकं तेव्हाच बुवांच्या मनगटावर डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखं काहीतरी घुरघुरावं. पेशंट टुणकन उडे, फोटो हले आणि डॉक्टर कपाळाला हात लावत.

घरी कपाटाचा एक अख्खा खण या जुन्या घड्याळांनी अडवला होता. परक्या माणसाला ती सगळी एकाच साच्यातली वाटत. बुवांना विचाराल, तर एका तबकडीवर गजराच्या काट्याला लाल टोक, दुसरीवर नाही. एकीवर सगळे आकडे, दुसरीवर फक्त बारा आणि सहा. एवढ्याशा फरकापायी हा माणूस भरल्या ताटावरून उठायचा. बायको म्हणायची, "माझ्या सवती आहेत त्या. आणि सगळ्या म्हाताऱ्या!"

त्यांतली लाडकी म्हणजे वर्षानुवर्षं ऊन खाऊन चहाच्या रंगाची झालेली तबकडी. तिच्यावर चौकातल्या चष्मेवाल्याचा डोळा होता. त्याच्याकडे होती काळी तबकडी, आणि तिच्यासाठी बुवा कित्येक वर्षं झुरत होते. अखेर दोघांची अदलाबदल ठरली. रविवारी चष्मेवाला घरी येणार होता.

शनिवारी लग्नाचा वाढदिवस. बायकोनं एक डबी पुढे केली. "उघडा तरी!"

आत तीच लाडकी होती, पण दुधासारखी पांढरीफेक.

"किती मळली होती हो! घड्याळजीकडे खेपा घालून नव्यानं रंगवून घेतली. सवतीला पार्लरमध्ये नेऊन आणलं म्हणा ना!"

उन्हानं आणलेला तो रंग गेला तो गेलाच, आणि त्याच्या बदल्यात मिळणारी काळी तबकडीही गेली. पण समोर बायकोचा चेहरा नुसता फुलला होता. "वा! झकास!" असं म्हणून बुवा पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ पाणीच पीत राहिले.

रविवारी चष्मेवाल्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि तो जागीच ताठ झाला. "ही पांढरी कुठली? असला प्रकार मी जन्मात पाहिला नाही! ही द्या, काळी आत्ताच्या आत्ता घ्या."

बुवांनी एक 'हो' म्हटलं की काळी खिशात. तेवढ्यात बायको अभिमानानं म्हणाली, "मीच रंगवून आणली, भाऊजी."

"रंगवून? वहिनी, अहो हा तर सत्याना..."

"मला हवी होती तशीच करून आणलीय तिनं," बुवांनी त्याचं बोलणं मध्येच तोडलं. "अदलाबदल रद्द."

चष्मेवाला काळी घेऊन, मान हलवत निघून गेला. दार लागताच बायको समोर येऊन बसली.

"खरं सांगा. मी वाटोळं केलं ना?"

"केलंस," बुवा म्हणाले.

"मग काल वा वा कशाला केलीत?"

"इतक्या वर्षांत तू पहिल्यांदाच माझं घड्याळ हातात घेतलं होतंस."

मग उठून तिनं कपाटाचा खण उघडला, दोन घड्याळं टेबलावर ठेवली आणि भिंग डोळ्याला लावलं. "दाखवा, काय एवढा फरक असतो ते."

"ही दोन अगदी सारखी आहेत. फरक दाखवायला दुसरी घे."

"सारखी कसली? यातल्या चारच्या आकड्याचं पोट भरलेलं आहे, त्यातल्या चारचं पोकळ."

बुवा खुर्चीतून ताडकन उठले. ही जोडी त्यांनी शेकडो वेळा पाहिली होती. "बघू, बघू! दे ते भिंग!"

"थांबा हो," ती मान वर न करता म्हणाली, "माझं बघून होऊ दे."