वहीत मेलेली मुलगी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते माझं मलाच कळत नाही.

मी भाट. निजामाच्या अंमलात बीडच्या आसपासची गावं घोडीवरून फिरायचो, दारात बसून घरोघरची वंशावळ वाचायचो, नवी नावं वहीत चढवायचो. माझ्या वहीत एक अक्षर खोटं नाही, असं छाती फुगवून सांगायचो. काय तो तोरा!

केजकडच्या एका पाटलानं दुष्काळात गाव सोडताना चार वर्षांची लेक, भागू, वाटेत परक्यांपाशी ठेवली — आणि परत आणायला गेलाच नाही. दुष्काळ सरल्यावर गावी परतला, तेव्हा मला हे त्यानंच सांगितलं. मग खाली मान घालून म्हणाला, "मेली म्हनून लिवा." मी लिहिलं.

कितीतरी वर्षांनी उमापूरला एका दारात बसलो होतो. घरची सून पुढं आली. तिच्या मुलीची सोयरीक अडली होती — आजोळ कुठलं, मामा कोण, असं मुलाकडचे विचारत होते. तिला काय आठवणार? स्वतःचं नाव भागू, भावाचं सोपान. आणि पांढऱ्या घोडीवरून येणारा एक वहीवाला, जो तिला घोडीवर बसवायचा.

"बाबा, तुमी लई गावं फिरता. बगा की, माजं कूळ कुटं घावतंय का."

ती घोडी माझीच, हो! आणि सोपान जिवंत होता, दोन-तीन दिवसांच्या वाटेवर. एक वाक्य तर बोलायचं होतं. पण मग मी खोटा ठरलो असतो, पाटलाचं दार बंद झालं असतं. भ्यालो — दुसरं काय? उगाच पानं उलटली. तेही पान आलं. माझ्याच अक्षरातलं 'भागू, वारली' वाचलं, आणि पुढचं पान उलटलं.

"न्हाई घावत, बाई."

सोयरीक मोडली. पोर पुढे एका बिजवराला दिली. भागू मात्र दरसाल विचारायची, आणि दरसाल मी पानं उलटायचो. माझी मलाच किळस यायची — तरी दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघायचोच.

एका साली तिनं विचारलं नाही. म्हणाली, सासरच्या वंशावळीत तरी माझं नाव नीट चढवा. सोपान तेव्हाही जिवंत होता. मी लिहिलं — 'भागू. माहेर ठाऊक नाही.' तिला वाचता येत नव्हतं. काय लिवलं, म्हणाली. मी तेच वाचून दाखवलं, आणि ती माझ्या पाया पडली.