ब्लाऊज आत न घेणाऱ्या मावशी

टेलर मावशी बाईच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी खांद्यांकडे. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या दुकानात कुणी शिरलं की मशीन न थांबवता त्या नुसती मान वर करायच्या आणि म्हणायच्या, "डावा खांदा उतरलाय. पर्स एकाच बाजूला लटकवतीस व्हय?" दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. एक मशीन, एक उभा आरसा, माप घ्यायला पडद्याआडची जागा आणि फळीवर बुद्धाची छोटीशी पांढरी मूर्ती. काका चितेगावच्या एका कंपनीत कामाला होते. सकाळी त्यांना डबा देऊन बाहेर काढलं की मावशी मशीनवर बसायच्या त्या दिवेलागणीलाच उठायच्या.

माझ्या लग्नाचे ब्लाऊज त्यांनीच शिवले. तेव्हापासून मी त्यांच्या वहीत आहे. त्या लांबुडक्या वहीत प्रत्येक बाईचं एक पान होतं आणि दर वेळचं माप त्या पानावर खाली खाली उतरत जायचं. कुणाला त्या जाड म्हणाल्या नाहीत की बारीक म्हणाल्या नाहीत. "भरलीस" किंवा "उतरलीस", एवढंच. माप देताना कुणी पोट आत ओढून धरलं तर टेप तशीच हातात धरून थांबायच्या. "सोड श्वास. मला काय फोटो काढायचाय?"

आणि शिवताना शिवणीच्या आत दोन बोटं माया, म्हणजे जादा कापड, सोडायच्याच. नव्या पद्धतीच्या घट्ट शिवणीत ते कापड टोचतं, अशी तक्रार मी एकदा केली होती. त्या म्हणाल्या, "बाईचं अंग जिंदगीभर एका मापात राहत नाय गं. माया नसली तर चांगला कपडा फेकून द्यावा लागतो."

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं वजन बरंच वाढलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत धाप लागायची. साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वजन उतरवा. मी मनावर घेतलं. पहाटे चालायला लागले, गोड सोडलं, जेवण मोजकं केलं. वर्षभरात साखर खाली आली, जिने चढणं सोपं झालं. ढगळ झालेले सात ब्लाऊज घेऊन मी मावशींकडे गेले तेव्हा त्यांनी मशीन थांबवली. तसं त्या सहसा करत नसत. मी छान दिसते, असं त्या म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "गुडघे दुखायचे थांबले का?" थांबले म्हटल्यावर खुश होऊन सातही ब्लाऊज दोन दिवसांत आत घेऊन दिले.

तिथंच थांबायला हवं होतं. डॉक्टरही म्हणाले होते, आता आहे ते टिकवा. पण बेंबीखाली एक वळी उरली होती, ती काही जाईना. तेवढी गेली की थांबायचं, असं मी ठरवलं. रात्रीची भाकरी अर्धी केली, मग बंद केली. सकाळ-संध्याकाळ वजनकाट्यावर उभी राहू लागले. काटा दोनशे ग्रॅमने हलला तर दिवस चांगला, नाही हलला तर घरात कुणी माझ्याशी बोलू नये. उन्हाळ्यातही हात गार पडायचे. वेणी घालताना केसांचा पुंजका हातात यायचा. धाकटीच्या वाढदिवसाला तिनं केकचा तुकडा माझ्या तोंडाशी आणला आणि मी मान फिरवली. तिनं तो तुकडा परत ताटलीत ठेवून दिला. मला वाईट वाटलं, पण आपण मोह टाळला याचा थोडा अभिमानही वाटला. आज ते आठवलं की लाज वाटते.

त्यानंतर दोनदा मी मावशींकडे ब्लाऊज आत घ्यायला नेले. त्यांनी घेऊन दिले, पण बोलणं कमी झालं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा माप घेऊन त्यांनी टेप गळ्यात टाकली आणि ब्लाऊज माझ्या हातात परत दिला.

"हा मी आत घेणार नाय."

"का?"

त्यांनी वही काढून माझं पान समोर धरलं. "हे बघ. कंबर तीन खेपा झाल्या तिथंच हाय. दंड मात्र दर खेपेला उतरतोय. तू जे घालवाया बसलीस ते जाईनाच झालंय, आणि जे पाह्यजे ते चाललंय. काहून करतीस असं?"

"मावशी, अजून थोडं पोट आहे."

"दोन लेकरं ऱ्हायलीत त्यात. असंल थोडं."

मला राग आला. शिकलेली मी, शरीरशास्त्र शिकवणारी मी, आणि ही बाई मला टेपवरून शहाणपण शिकवणार? मी तडक उठले आणि गारखेड्याच्या एका टेलरकडे ब्लाऊज टाकला. त्यानं काही न विचारता घट्ट करून दिला. तो घालून शाळेत गेले त्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी डोळ्यांपुढं अंधार आला आणि मी मुलींच्या रांगेपुढं मटकन खाली बसले. उन्हामुळं झालं असेल, असं मी सगळ्यांना सांगितलं. घरी तर सांगितलंच नाही.

ही गोष्ट मावशींच्या कानावर कुणी घातली कोण जाणे. शाळेतल्या निम्म्या बायका त्यांच्या वहीत होत्या. रविवारी दुपारी त्या आमच्या दारात उभ्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या मशीन सोडून कुणाच्या घरी आलेल्या मी पाहिल्या.

"राग आला ना माझा? येऊ दे," आत येत त्या म्हणाल्या. मग स्वयंपाकघरात मला एकटीला गाठून हळूच विचारलं, "पाळी येती का?"

मी ओट्याकडं बघत राहिले. चार महिने आली नव्हती. सुटका झाली असं मी स्वतःला समजावलं होतं. मी नकारार्थी मान हलवली, आणि एकदम रडू कोसळलं. मावशींनी जवळ घेतलं नाही की समजूत घातली नाही. माझं रडं ओसरेपर्यंत त्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "उद्या डॉक्टरणीकडं जायचं. मी संगं येते."

त्या खरोखर आल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला जे कमी करायचं होतं ते केव्हाच झालंय. आता शरीर उपाशी आहे. पोटावरची वळी हा आजार नाही. नीट जेवा आणि ताकदीचा व्यायाम करा."

नीट जेवणं ऐकायला सोपं वाटतं. पहिला महिना मला प्रत्येक घासाची भीती वाटली. वजन दोन किलोंनी वाढलं तेव्हा रात्रभर अस्वस्थ होते. नवऱ्यानं वजनकाटा माळ्यावर टाकला. मी मात्र अधूनमधून मावशींकडे जाऊन बसायची. त्या शिवत असायच्या, मी काजं करायची. त्यांनी कधी विचारलं नाही की किती वाढलं. पाचव्या महिन्यात पाळी आली. ते त्यांना सांगितलं तेव्हा चष्मा काढून पदरानं पुसत त्या म्हणाल्या, "आण ते ब्लाऊज. उसवू."

गेल्या वर्षी मावशींनी मशीन बंद केली. डोळ्यांचं ऑपरेशन चांगलं झालं होतं, गिऱ्हाइकं होती, हातही चालत होता. आम्ही बायकांनी लई गळ घातली. त्या हसून म्हणाल्या, "शिवण बिघडायच्या आधी उठलेलं बरं. लई शिवलं. आता बसते थोडी." काका निवृत्त झाले होते. दोघं पडेगावला लेकाकडं राहायला गेली.

मागच्या महिन्यात धाकटीला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी स्वतःच्या हातानं ज्वारीच्या भाकरी थापल्या, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी केली. मी दोन भाकरी खाल्ल्या, मग आणखी अर्धी मागून घेतली. मुलगी माझ्याकडं बघत होती. तिनं आपल्या भाकरीचा एक तुकडा चटणीत बुडवून माझ्यापुढं केला, मी तो खाल्ला. मग मावशींनी भाजीची पळी उचलली.

"मावशी, आता बस."

"बस?"

"पोट भरलं."

त्यांनी पळी पातेल्यात ठेवली, आग्रह केला नाही. आम्ही तिघी हात धुऊन अंगणात कडुलिंबाच्या सावलीला जाऊन बसलो.