व्होल्टेजचा प्रॉब्लेम

कॉम्प्युटर जोडून झाला, झाकण लावलं, की टेबलावर एक स्क्रू उरतोच. तो कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. आमच्या वर्ध्याच्या दुकानात असे स्क्रू टाकायला एक बरणी आहे. किश्श्यांचंही तसंच झालंय. कुठल्या मशीनमधला कुठला ते विसरलो, बरणी मात्र भरली. आता लोक लॅपटॉप घेतात, बिघडला की दुसरा घेतात. टेबल बरेचदा रिकामं असतं. मग मी बरणी हलवत बसतो. खरं सांगतो, ते दिवस फार आठवतात.

दुकान भाऊंचं. आधी ते रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर जोडायला लागले. मी त्यांच्या हाताखाली शिकलो आणि तिथंच राहिलो. शर्टाच्या खिशात टेस्टर आणि शाळकरी खोडरबर, आणि दिवसाला सात-आठ कप चहा, हे भाऊ.

भाऊंचे दोन नियम होते. पहिला, कुठलंही मशीन 'नागपूरले न्या' म्हणून परत पाठवायचं नाही. "ज्या दिवशी मी असं म्हणीन, त्या दिवशी चहा सोडीन," असं ते सगळ्यांदेखत सांगायचे. दुसरा नियम, चूक गिऱ्हाइकाची असली तरी त्याला ती सांगायची नाही. काय झालं होतं, असं कोणी विचारलं की भाऊंचं उत्तर ठरलेलं असायचं, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम होता."

* * *

देवळीचे एक गुरुजी नवाकोरा कॉम्प्युटर पोत्यात घालून एसटीनं घेऊन आले. आख्ख्या रस्त्यात तो मांडीवर. पडद्यावर चित्र भारी दिसावं म्हणून ग्राफिक्स कार्ड टाकलंय, पण कॉम्प्युटरला ते दिसतच नाही, अशी तक्रार. बायकोनं म्हणे दोन दिवस अबोला धरला होता, एवढा पैसा घातला कशाला म्हणून.

भाऊंनी मागच्या बाजूला हात घातला. गुरुजींनी मॉनिटरची वायर कार्डात लावायच्या ऐवजी जुन्या सवयीनं मशीनच्या नेहमीच्या जागी लावली होती. भाऊंनी ती काढली, दुसरीकडे खोचली, आणि वर अर्धा तास उगाच टेस्टर फिरवत बसले. पाच सेकंदात झालं म्हटलं तर माणूस घरी काय तोंड दाखवेल, हा त्यांचा हिशेब.

गुरुजींनी विचारलं, काय झालं होतं? उत्तर तुम्हाला माहीत आहेच. पुढं वर्षभर गुरुजी देवळीच्या वीज ऑफिसात तक्रारी देत होते.

* * *

दसऱ्याला एका घरून फोन आला. काल पार्ट आणले, आज पोरानं जोडले, पण कार्ड काही दिसत नाही. आम्ही दोघं गेलो. भाऊंनी कार्ड बाहेर काढलं, तर मशीनमध्ये खोचतात त्या त्याच्या सोनेरी दातांवर हळदीकुंकू! जोडण्याआधी आजींनी पूजा केली होती. एवढ्या सगळ्या सामानात सोन्यासारखं तेवढंच दिसलं, म्हणून बोट तिथंच टेकवलं. वर अक्षता.

भाऊंनी खिशातला खोडरबर काढला आणि दात घासून लख्ख केले. कार्ड लगेच दिसलं. आजी बिचाऱ्या धास्तावून उभ्या होत्या, पूजेचं काही चुकलं का म्हणून.

"पूजा बरोब्बर हाय, माय," भाऊ म्हणाले. "व्होल्टेज कमी पडलं. पुढच्या टायमाले डब्ब्याले लावजा, जास्त पावते."

* * *

उन्हाळा आमच्याकडचा तुम्हाला ठाऊक आहे. एका पोरानं कार्ड गरम होतं म्हणून मशीनची बाजू उघडली आणि थेट कूलरसमोर ठेवली. वाळ्याचा कूलर, पाणी भरलेला. आठवडाभर मजेत गेला, मग कार्ड गायब.

भाऊंनी मशीन उचलून तिरपं केलं. पेलाभर पाणी टेबलावर सांडलं. पोरानं बघितलं, त्याच्या बापानं बघितलं, मीही बघितलं.

"व्होल्टेज," भाऊ म्हणाले.

* * *

मला मात्र या व्होल्टेजची सवलत नव्हती. एकदा मी मोठं कार्ड बसवलं आणि सकाळपासून दुपारपर्यंत ते दिसेना. ड्रायव्हर म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर टाकून बघितलं, काढून बघितलं, विंडोज नव्यानं टाकलं. भाऊ जेवून आले, माझ्या पाठीमागे उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "याले जेवाले देल्लं का?"

मोठ्या कार्डाला वेगळी पॉवरची वायर लागते. ती बाजूला लोंबत होती. त्या दिवशी मला एवढी लाज वाटली की घरी जाऊन मीही जेवलो नाही.

* * *

आता शीतलचं सांगतो.

देविदासराव देवळीकडचेच, कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करायचे. भाऊंना वीस वर्षांपासून ओळखत. त्यांच्या शीतलला नागपूरच्या ॲनिमेशनच्या कोर्सला जागा मिळाली होती. पण पोरीला एकटं बाहेर ठेवायला देविदासरावांचा जीव धजत नव्हता. तिनं घरीच ऑनलाइन शिकावं म्हणून त्यांनी चांगलं कार्ड टाकून भारीतला कॉम्प्युटर आमच्याकडून जोडून घेतला. बाप दुष्ट नव्हता हो. पोरीची आई गेलेली, घरात ही दोघंच.

मशीन आम्ही दुकानात दोन दिवस चालवून दिलं होतं. तरी आठवड्यानं दोघं ऑटोत घालून परत घेऊन आले. कार्ड दिसत नाही म्हणे. नागपूरला फी भरायचा दुसऱ्या दिवशी शेवटचा दिवस होता. देविदासरावांनी आल्या आल्या सांगून टाकलं, की मी पोरीला शब्द दिला आहे. हे चाललं तर नागपूरचा विषय संपला, आणि भाऊंनी हात टेकले तर ती म्हणेल तसं.

शीतल खुर्चीवर बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

भाऊंनी वायर बघितली, ठीक. पॉवर बघितली, ठीक. मग कार्ड बाहेर काढलं, खिशातला खोडरबर घेतला आणि दातांवरून फिरवला. खोडरबर घसरला. भाऊंनी कार्ड ट्यूबलाइटकडे धरलं, तेव्हा मलाही दिसलं. दातांवर पारदर्शक चिकटपट्टी होती. कात्रीनं अगदी मापात कापलेली, दोन्ही बाजूंनी नीट दाबून बसवलेली. अशी पट्टी कंपनीतून येत नाही, आणि देविदासरावांच्या जाड बोटांचं ते काम नव्हतं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊंनी माझ्याकडे बघितलं.

मग ते शीतलकडे बघत राहिले. ती खाली बघत होती, तिचे कान लाल झाले होते. भाऊंनी खोडरबर खिशात ठेवला, कार्ड होतं तसं परत बसवलं आणि मशीन सुरू केलं. अर्थात कार्ड दिसलं नाही.

"देविदासराव," ते म्हणाले, "हे काही माह्याच्यानं होत नाई. नागपूरले न्या."

सुधाकर चहावाला दारात चहा घेऊन उभा होता, तो तसाच थांबला. दर वेळी हे धूड नागपूरला कोण नेईल, असं काहीतरी देविदासराव पुटपुटले.

"दर टायमाले काऊन? एकदाच जाऊ द्या, शीतलसंगं. तिथं चालते ते."

देविदासरावांनी मशीनकडे बघितलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पोरीकडे हॉस्टेलचा कागद मागितला. ती कागद पर्समध्ये घेऊनच आली होती.

दोघं गेल्यावर सुधाकरनं भाऊंसमोर कप ठेवला. भाऊंनी तो माझ्याकडे सरकवला.

त्यानंतर दोन वर्षं भाऊंनी चहा घेतला नाही. गावभर बोभाटा झाला, की म्हातारा थकला, त्याला साधं कार्ड सापडलं नाही. लोक तोंडावर विचारायचे. मला फार राग यायचा, आणि भाऊ गरम पाणी पीत बसायचे.

मागच्या महिन्यात शीतल दुकानात आली. नागपूरलाच नोकरी लागली होती तिला. बापाला घेऊन आली होती, देविदासरावांच्या हातात पेढ्यांचा डबा. ती भाऊंच्या पाया पडली आणि त्यांच्या टेबलावर चिकटपट्टीचं एक नवं रीळ ठेवलं.

देविदासरावांनी रिळाकडे बघितलं, काही कळलं नाही. मग त्यांना मशीनची आठवण झाली. ते तिथं गेल्या गेल्या कसं काय सुरू झालं, असं त्यांनी पोरीला विचारलं.

शीतल भाऊंकडे बघत म्हणाली, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम होता, बाबा."

भाऊंनी रीळ उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि बाहेर हाक मारली, "सुधाकर, चार आणजो. मलेही."