साठावं कार्ड

दहाव्याला कावळा शिवेना. मी तिथे उभी होते म्हणून सांगते, नाहीतर असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. धाकटा भाऊ गेला होता, एकोणतिसाव्या वर्षी. साधा ताप म्हणून अंगावर काढला आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं. बोरिवलीला स्मशानालगतच्या ओट्यावर पिंड ठेवला होता, भिंतीवर चार कावळे बसले होते आणि एकही खाली उतरत नव्हता. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचं काहीतरी मागे राहिलंय असं आमच्यात धरतात. मग ते काय असेल ते एकेकाने ओळखायचं आणि कबूल करायचं. मामा म्हणाला, आईकडे आम्ही बघू. कावळे ढिम्म. चुलतभावाने गावच्या घराचं काहीतरी कबूल केलं. तरी ढिम्म. ऊन चढलेलं, माझं डोकं भणभणत होतं आणि काय राहिलंय ते मला पक्कं ठाऊक होतं. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "तुझा तो डेक मी पुरा करते. एकदा खेळते पण. ये आता."

कावळा उतरला. भूक लागली असेल त्याला, दुसरं काय. पण मी बोलून बसले होते.

डेक म्हणजे साठ कार्डांचा गठ्ठा. माझा भाऊ चित्रांच्या कार्डांचा खेळ खेळायचा, लहानपणापासून. त्यात प्रत्येक कार्डावर एक प्राणी असतो आणि प्रत्येक प्राण्याचा एक प्रकार असतो: आगीचा, पाण्याचा, विजेचा, झाडाचा. शहाणी माणसं दोन-तीन प्रकार मिसळून डेक बांधतात, म्हणजे एक लंगडा पडला की दुसरा सांभाळून घेतो. पण बोरिवली स्टेशनजवळ एक कार्डांचं दुकान आहे, झेरॉक्सवाल्याच्या माळ्यावर, तिथे वर्षातून एकदा वेगळी स्पर्धा होते. त्यात सगळे प्राणी एकाच प्रकारचे हवेत. जुनी, आता न मिळणारी कार्डंही त्यात चालतात. भावाने पाणी घेतलं होतं. समोर वीजवाला आला की तुझी वाट लागणार, असं त्याला सगळे सांगायचे. आपण दर्याकाठची माणसं, आपण पाणीच घेणार, असं म्हणून तो हसायचा.

जायच्या तीन आठवडे आधी तो माझ्याकडे नाहूरला आला होता. मी ऑफिसातून नुकतीच आले होते, ओट्यावर कुकर, आईच्या गुडघ्यांचे रिपोर्ट टेबलावर पडलेले. हा सोफ्यावर बसून म्हणतो, ताई, एकच कार्ड राहिलंय, तुझ्याकडचं ते कासव आहे का अजून? मला असा संताप आला ना. आई जिना उतरू शकत नाही आणि ह्याला कासव पाहिजे. मी म्हटलं, "हरवलं केव्हाच. मोठा हो आता."

तो चहा प्यायला, कप विसळून ठेवला आणि गेला. कासव तेव्हा माझ्या कपाटात होतं, दहावीच्या मार्कशीटच्या फायलीत.

त्या कासवाची गोष्ट जुनी आहे. मी तेरा वर्षांची होते, तो नऊ. शाळेजवळच्या दुकानातून मी एक पाकीट आणलं आणि त्यात सोनेरी, चमचमणारं समुद्री कासव निघालं. पूर्ण बिल्डिंगमध्ये तसं कुणाकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे दसऱ्याला ज्याने-त्याने आपल्या कामाची वस्तू पूजेला ठेवायची. बाबा गिरणीत होते तेव्हापासून त्यांचा पाना ठेवायचे, गिरणी बंद पडली तरी ठेवत राहिले. मी वह्या-पुस्तकं ठेवली, आईने कात्री. भावाला वाटलं, ताईच्या सगळ्यात भारी वस्तूची पूजा राहिली. त्याने ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि कासवाच्या पाठीमागे, कार्डाच्या कोऱ्या निळ्या बाजूवर, नीट मधोमध दाबलं.

मी त्याच्या कानफटात मारली. सणासुदीच्या दिवशी. कुंकू पुसायला गेले तर कडेने पसरायला लागलं, म्हणून सोडून दिलं. आई मला ओरडली, बाबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. भाऊ मात्र संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन माझ्याच हातावर पहिली ठेवायला आला. त्यानंतर ते कार्ड मी त्याला कधी हातात घेऊ दिलं नाही. मोठी झाल्यावर खेळ सुटला, बाबा गेले, लग्न होऊन नाहूरला आले, तरी कार्ड सोबत आणलं. आणि तोंडावर सांगितलं, हरवलं.

दहाव्यानंतर मी दर रविवारी आईकडे जायला लागले. भावाच्या खोलीत त्याचा डबा होता. डब्यात डेक आणि एक वही. वहीत त्याच्या किरट्या अक्षरात एकोणसाठ नावं आणि साठाव्या आकड्यापुढे नुसती आडवी रेघ. पण डब्यात कार्डं मोजली तर साठ भरली. वहीत नसलेला साठावा एक चिमुकला मासा होता, अगदी फालतू कार्ड, कुणीही फुकट देईल असं. मला वाटलं, कासव मिळेना म्हणून ह्याने मासा घालून विषय संपवला असेल.

खेळ मला दुकानातल्या मुलीने शिकवला. चष्मेवाली, बावीस-तेवीसची. स्पर्धेत जजचं कामही तीच करते. बाकीची पोरं मला आंटी म्हणायची, ती ताई म्हणायची, म्हणून मी तिच्याच टेबलावर बसायचे. तिने सांगितलं की खेळाआधी पत्ते पिसायचे आणि मग मधून काटायचे, म्हणजे गठ्ठ्याचे दोन भाग करून खालचा वर ठेवायचा. प्रत्येक कार्ड आपापल्या प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये असतं. भावाच्या स्लीव्ह मागून गडद निळ्या होत्या, आतलं काही दिसायचं नाही.

मी आईकडे भावाच्या टेबलावर सराव करायचे. पहिल्याच रविवारी पिसून काटलं तर वर मासा. पुन्हा पिसलं, पुन्हा काटलं. मासा. तिसऱ्यांदा वाघासारखा कुठलासा पाण्यातला प्राणी निघाला, मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि चौथ्यांदा परत मासा. साठातून एक कार्ड असं किती वेळा येईल? मी हिशेबी बाई आहे, मला असलं खपत नाही. पण पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी तेच. नाहूरच्या घरी काटलं तरी मासा. तो मासा तोंड उघडून बघतोय असं चित्र होतं. मी त्याला भर दुपारी घाबरायला लागले. यार, काय पाहिजे काय तुला, असं मी रिकाम्या खोलीत एकदा मोठ्याने विचारलं. मग लाज वाटून उठून पाणी प्यायले.

भावाची एक सवय होती. पत्ते पिसून झाले की गठ्ठा टेबलावर दोनदा ठोकायचा, टक टक, कडा सारख्या करायला. माझ्या हातांना ती कधी लागली कळलंच नाही. एका रविवारी मी ठोकलं, टक टक, आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "इलंस?"

ती गावची बोली फक्त त्याच्याशीच बोलायची. मी गठ्ठा खाली ठेवला. आई पीठभरल्या हातांनी दारापर्यंत आली, मला पाहिलं आणि म्हणाली, भाकरी गरम आहे तोवर खाऊन घे. त्या दिवशी मी भाकरी खाल्ली नाही आणि तिने आग्रहही केला नाही.

मासा काय मागतोय ते मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. कासव मी फायलीतून काढून पर्समध्ये ठेवलं होतं, पावसाळ्याच्या आधीपासून ते पर्समध्येच होतं. पण ते डेकमध्ये घालायला हात होत नव्हता. पाठीमागे ते बोट होतं, इतकंसं, कुंकू तपकिरी पडलेलं, रेषा अजून दिसतात. घातलं तर मी खोटं बोलले हे खरं होणार. मग मला नियमांत एक ओळ सापडली की ज्या कार्डाच्या मागे खूण आहे ते चालत नाही. काय बरं वाटलं सांगू! स्लीव्हमध्ये गेल्यावर ती खूण कुणाच्या बापाला दिसणार नव्हती, हे मला समजत होतं, तरी मी ती ओळ धरून बसले. नियमात बसत नाही, माझा नाइलाज आहे, असं आठ महिने स्वतःला सांगत राहिले.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी माळ्यावर तीसेक पोरं जमली होती. एकाने मला विचारलं, आंटी, मुलाला घेऊन आलात का? मी म्हटलं, नाही, तुला हरवायला आले. सुरू करायच्या आधी सगळ्यांचे डेक तपासतात. चष्मेवालीने माझी यादी घेतली, त्यात साठावा मासा मीच लिहिला होता. तिने कार्डं हातात घेऊन अंगठ्याने कडेवरून सरकवली. मधेच थांबली. परत सरकवली आणि बरोबर त्याच जागी थांबली.

"ताई, हे एक जाड आहे," ती म्हणाली. "बोटांना कळतंय. काटताना दर वेळी इथेच तुटत असणार."

ती समजावत होती की असं कार्ड चालत नाही, मुद्दाम केलं नसलं तरी लोक लबाडी समजतात. बोलता बोलता तिने मासा स्लीव्हमधून बाहेर ओढला. त्याच्यामागून चार घड्या घातलेली एक चिठ्ठी टेबलावर पडली. तिने ती उघडली नाही, सरळ माझ्यापुढे सरकवली. पोरगी चांगल्या घरची आहे.

वहीच्या कागदाचा तुकडा होता, अक्षर किरटं. लिहिलं होतं:

"जागा ठेवलीय. ताईकडे आहे. देईल ती."

मी ते किती वेळ वाचत होते मला माहीत नाही. माझ्या सोफ्यावर बसून मी हरवलं म्हणताना त्याने ऐकलं होतं, कप विसळला होता, घरी येऊन ही चिठ्ठी लिहिली होती. त्याला कळलं होतं मी खोटं बोलतेय. तरी त्याने लिहिलं, देईल ती. मी त्या पोरांसमोर रडले. ढसाढसा, नाक गळेपर्यंत. मला आंटी म्हणणारा पोरगा पाण्याची बाटली घेऊन आला आणि बावळटासारखा उभा राहिला.

थोड्या वेळाने चष्मेवालीने हळूच विचारलं, या जागी घालायला दुसरं काही आहे का? मी पर्स उघडली. तिने कासव हातात घेतलं, डोळे मोठे केले, मग उलटं केलं.

"मागे काय लागलंय?"

"कुंकू," मी म्हटलं. "माझ्या भावाचं बोट आहे. नऊ वर्षांचा होता."

तिने नियमाचं काही काढलं नाही. निळी स्लीव्ह पुढे केली आणि म्हणाली, तुम्हीच घाला. मी घातलं. बोट निळ्याच्या मागे गेलं. यादीतला मासा खोडून मी त्याच ओळीत उरलेल्या जागेत कासव लिहिलं, म्हणून अक्षर त्याच्यासारखंच किरटं आलं.

पहिल्याच फेरीत वीजवाला आला आणि माझी वाट लागली. दुसऱ्या फेरीत कासव हाताला लागलं. टाकून दिलेल्या ढिगातला एक प्राणी परत आणायचं काम ते करतं. मी एक आणला आणि तरीही हरले. तिसऱ्या फेरीला थांबले नाही, आईकडे गेले. चिठ्ठी तिला वाचून दाखवली आणि सोफ्यावरचं सगळं सांगितलं. तिने ती घेतली आणि देव्हाऱ्यात, बाबांच्या पान्याशेजारी ठेवली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

रविवारी मी अजून जाते. त्याच्या टेबलावर बसून पिसते, दोनदा ठोकते. आतून आई आता काही विचारत नाही. मग काटते. कधी खेकडा निघतो, कधी शिंपला, कधी तो पाण्यातला वाघ. जाड काहीच राहिलं नाही, डेक कुठूनही तुटतो. कासव वर येऊ दे रे एकदा, असं मी म्हणते आणि पुन्हा पुन्हा काटून बघते. येत नाही. त्याला आता माझ्याकडून काही नकोय.