नंदीची मान आणि आईचा मोबाइल

अन्याय झाला तो माझ्या आठ वर्षांच्या भाचीवर. कधी, तर यंदाच्या तान्ह्या पोळ्याला, दुपारी चारनंतर, सेलूत, माझ्या सख्ख्या भावाच्या गच्चीवर. करणारे तिचेच आई-बाप. मी तिथंच उभी होते, म्हणून लिहिते.

दादाचं हार्डवेअरचं दुकान. त्यानं आणि वहिनीनं पोरीला शाळेतून काढलं. शाळा मुलांना साच्यात घालते, आपण मूल नेईल तिकडे जायचं, असं वहिनीचं म्हणणं. ऐकायला गोड. घरात कायदा एकच: पोरीला टॅबलेट रोज अर्धा तास. गजर वाजला की गोष्ट अर्धी असली तरी पडदा बंद. त्या गजराचं कौतुक पाहुण्यांना चहाच्या आधी मिळतं. आई-बापाच्या मोबाइलला मात्र गजर नाही. तो म्हणे कामाचा असतो.

पोळ्याच्या आधी पोरीनं आपणहून एक काम काढलं. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरं लाकडी नंदी सजवून मैदानावर नेतात. तोरण तुटलं, पोळा फुटला, की घरोघरी बोजारा मागत फिरतात, खाऊ नाहीतर चिल्लर. हिला नंदी ओढताना त्याची मान हलायला हवी होती. दादानं मान धडापासून वेगळी कापून दिली, बाकी सगळं तिचं: खिळा, सुतळी, रबर, चाकाला अडकवलेली तार. कितीदा तरी फसलं. शेवटी रस्त्यावर ओढला की नंदी मान डोलवू लागला. मूल नेईल तिकडे जायची वेळ ती हीच.

तर कोणी गेलं नाही. वहिनीला व्हिडिओ हवा होता, घरी शिकवणाऱ्या पालकांच्या ग्रुपवर टाकायला. उजेड चांगला म्हणून गच्ची. गच्चीला गुळगुळीत फरशी. चाकं घसरत होती, फिरत नव्हती.

"अजून एकदा, बेटा. हसत सांग, मी हे कसं शोधलं."

"आई, फरशीवर नाई होत ते. रोडवर होते."

"रोडवर गाड्यायचा आवाज येते. तू ओढ."

ओढला. मान लोंबत राहिली. पुन्हा ओढला. खालून बाकीच्यांचे नंदी खडखडत मैदानाकडे निघाले होते.

"आत्या, पोळा फुटला का वं?"

"नाई अजून. वहिनी, जाऊ द्या न तिले."

"पाचच मिनिटं. तुम्ही ताई, सगळ्याचंच आंदोलन करता."

मग दादा आला. दुकानदार माणूस, अडलेलं काम पाहवत नाही. खालून लाकडाला लावायचा गोंद आणला, मान सरळ केली आणि चिकटवून टाकली. "आता कशी ऐटीत दिसते."

व्हिडिओ झाला. पोरगी हसलीही, सांगितलं म्हणून.

आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा तोरण तुटून पडलं होतं, लेकरं पांगली होती. शेजारची मैत्रीण तेवढी थांबलेली.

"तुहा नंदी मान हलवते म्हणे. दाखव न."

पोरीनं नंदी उचलून पोटाशी धरला. "हलवत होता," म्हणाली, आणि घराकडे वळली. बोजारा मागायला एका दारातही गेली नाही.

संध्याकाळी वहिनीनं मला ग्रुप दाखवला. व्हिडिओवर लिहिलेलं, 'तिचं ती शिकते.' खाली लाल दिलांची रांग, जोडलेले हात. मी विचारलं, आज तिचा स्क्रीन टाइम किती?

"आज तर तिनं टॅबलेटले हातही नाई लावला."

अगदी खरं. पोर पडद्यापुढे बसलं की यांचं घड्याळ चालू होतं. पोराला पडद्यासाठी नाचवलं तर ते शिक्षण.

तुमच्याही मोबाइलवर असे व्हिडिओ येतात. हात जोडू नका, दिल पाठवू नका. खाली लिहा: मोबाइल कोणी धरला होता, आणि तेवढ्या वेळात पोराचं काय बुडालं? उत्तर येईपर्यंत विचारत राहा. आणि तुमच्या घरी आत्ता पोर काही जोडत-तोडत बसलं असेल, तर खिशातला मोबाइल खिशातच राहू द्या.