बंद खोलीतल्या बाईचा आवाज

"खून नणंदेने केलाय ना?" पायलट ऐकणाऱ्या एका बाईंनी मला फोनवर सहज विचारलं. त्यांनी फक्त सुरुवातीचे भाग ऐकले होते. खुनी कळायला अजून आख्खी कादंबरी बाकी होती. दुपारपर्यंत बाकीच्यांचेही फोन आले. सगळ्यांचा संशय नणंदेवरच. माझं डोकंच फिरलं.

मी बेंगळुरात ऑडिओबुकची प्रोड्यूसर आहे, मूळची पुण्याची. आमचा स्टुडिओ मल्लेश्वरमला. पायलट म्हणजे पुस्तकाचे पहिले काही भाग. ते निवडक लोकांना ऐकवायचे आणि त्यांना पुढचं ऐकावंसं वाटलं तरच उरलेलं रेकॉर्ड करायचं.

कादंबरी विमलाक्कांची. पहिलीच. चिकमगळूरकडचा कॉफीच्या मळ्यातला बंगला. मालक यशवंत, त्याची बायको तळ्यात बुडून गेलेली. जुनी पुस्तकं लावायला शर्वरी येते आणि दोघं प्रेमात पडतात. मग बंद खोलीतून बाईचा आवाज येतो, "निघून जा." तो आवाज काढणारी असते यशवंतची बहीण. वहिनीला तिनेच बुडवलेलं. पण बंगल्यात वहिनीचं खरं भूतही आहे, आणि ते शेवटी शर्वरीला वाचवतं. मला हे फार आवडलं होतं.

आमचा बॉस प्रदीप हिंदीत बोलतो. म्हणाला, "मर्डरर तो पता चल गया. अब आगे कौन सुनेगा? भूत-वूत हटाओ, लव्ह स्टोरी रखो. नहीं तो ड्रॉप."

अक्का बनशंकरीहून स्टुडिओत आल्या. लग्नाआधी बेळगावच्या, आता रिटायर्ड शिक्षिका. मी काही लपवलं नाही.

"भूत काढलं तर उरतंय काय त्यात?" त्या म्हणाल्या. "आणि ड्रॉप म्हणू नको गं. माझ्या घरात मराठी बोलतात सगळे, वाचत कोण नाही. माझा मुलगा रघू कन्नड शाळेत शिकला, नातवंडं इंग्लिशमध्ये. त्यांच्या कानात पडली तरच माझी कादंबरी घरात आली म्हणायची."

मला फार वाईट वाटलं. आणि प्रदीपचा राग आला तो वेगळाच.

पायलट पुन्हा ऐकला तेव्हा घोळ कळला. आमच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक वाक्यापुढे बोलणाऱ्याचं नाव असतं. आमची व्हॉइस आर्टिस्ट मृदुला सगळी पात्रं एकटीच करते, प्रत्येकाला वेगळा आवाज. "निघून जा"पुढे आम्ही इमानदारीत 'नणंद' लिहिलेलं. मग काय, तिनेही इमानदारीत नणंदेचा गेंगाणा आवाज लावला. छापील पुस्तकात हे खपलं असतं. कानाला कोण फसवणार?

"मग दुसरा आवाज लाव," मी म्हटलं.

"आणि शेवटी लोकांनी शिव्या घातल्या तर?" मृदुला म्हणाली. "बोलणारी नणंद आणि आवाज भलतीचा, ही चीटिंगच ना?"

तिचंही बरोबर होतं. म्हणून मी आणखीच तडकले. हेडफोन लावून कंट्रोल रूममध्ये जाऊन बसले. काचेपलीकडे बूथमध्ये मृदुला आणि अक्का, माइक चालूच. मी मान खाली घालून पायलटचं स्क्रिप्ट चाळत होते. तेवढ्यात कानात कोणीतरी कुजबुजलं, "आता परत चिडणार बघ."

"कोण बोललं?" मी विचारलं. दोघी हसायला लागल्या. मला खरंच ओळखता आलं नव्हतं.

कुजबुजताना गळ्यातून नुसती हवा जाते, स्वर लागत नाही. त्यामुळे माणूस ओळखणं अवघड जातं. हे मी नव्या मुलांना शिकवते. स्वतःला मात्र आठवलं नव्हतं, धन्य आहे माझी.

मृदुलाने "निघून जा" कुजबुजून केलं. नणंदच होती, पण आवाज कुणाचाही वाटला असता.

"मग खऱ्या भुताला काय करू?" तिने विचारलं.

"ते तिचं घर आहे," अक्का म्हणाल्या. "स्वतःच्या घरात कोण कुजबुजतंय? साधं बोल की."

म्हणून शेवटच्या प्रसंगात मेलेली वहिनी स्वयंपाकघरातून सांगावं तसं सांगते, "पायरी निसरडी आहे, जपून उतर." रेकॉर्डिंग ऐकताना माझ्या अंगावर काटा आला आणि डोळेही भरले.

नव्या श्रोत्यांना नवा पायलट ऐकवला. कोणी यशवंतवर संशय घेतला, कोणी बागेतल्या माळ्यावर. दोघांनी तर शर्वरीवरच. प्रदीप म्हणाला, "ठीक है, करो." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

कादंबरी येऊन आठवडाही झाला नसेल, अक्कांचा फोन आला. रघू ऑफिसातून येऊन गाडीतच ऐकत बसला होता, वर येईना. शेवटी त्याने खालूनच फोन केला, "आई, त्या दोघांचं लग्न होतंय ना गं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"ऐक म्हटलं आणि फोन ठेवला."

इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण हे अक्कांकडून शिकले. पोटच्या पोराने विचारलं तरी शेवट सांगायचा नाही.