सुनंदा सिस्टरांचा साधा ताप

सुनंदा सिस्टर आमच्याच आयसीयूत, आमच्या हातात गेल्या. आज एक वर्ष झालं.

मी इथे फार लिहीत नाही.

शहापूरच्या हॉस्पिटलला डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा पुस्तकातलं सगळं येत होतं आणि पेशंटजवळ काहीच सुचत नव्हतं. सिस्टर आयसीयूच्या इन्चार्ज. मुरबाडजवळच्या गावातून एसटीने यायच्या.

नव्या डॉक्टरला त्या कधी 'चुकलात' म्हणाल्या नाहीत. नातेवाइकांसमोर तर नाहीच.
फक्त विचारायच्या, "डॉक्टर, बीपी परत बघायचं का?"
आम्ही समजायचो आणि परत बघायचो.

एकदा मी औषधाचा डोस दहापट लिहिला. त्यांनी शांतपणे पेपर पुढे केला.
"हे शून्य तुमचंच ना, का माशी बसलीय?"

गेल्या वर्षी आवणीला त्या चार दिवस रजेवर होत्या. दिवसभर चिखलात, भात लावत. परत आल्या त्या ताप घेऊन.

ड्युटी माझी होती. म्हणाल्या, आवणीचा थकवा आहे, साधा ताप, एक पॅरासिटामॉल द्या.

मी दिली.

शेतातून ताप घेऊन आलेल्या प्रत्येक पेशंटला मी लेप्टोचं, म्हणजे दूषित चिखलपाण्यातून होणाऱ्या तापाचं विचारते, गोळ्या लगेच सुरू करते. सिस्टरांनाही विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी धाप लागली. लघवी बंद. लेप्टोच निघाला.

व्हेंटिलेटरसाठी नळी मी घालणार होते. दोनदा ती उचलली आणि परत ट्रेमध्ये ठेवली. सिस्टरांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.
"घाबरू नको गो. मी हाय ना इथं."

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

डायलिसिससाठी ठाण्याला न्यायचं होतं. बीपी टिकेना, हलवताच येईना. त्यांनी तयार केलेले आम्ही तिघे डॉक्टर दोन दिवस त्यांच्याच बेडभोवती उभे होतो.

त्या गेल्याचं त्यांच्या मिस्टरांना मीच बाहेर जाऊन सांगितलं.
ते म्हणाले, "तुमी तिच्या हाताखालच्या ना? मंग तुमच्याकडनं काय राहिलं नसंल."

आज वर्षश्राद्धाला त्यांच्या घरी गेले होते. त्या पॅरासिटामॉलचं सांगायचंच, असं ठरवून.

मिस्टरांनी मला आग्रहाने जेवायला वाढलं. शेजाऱ्यांना सांगत होते, हिच्या डॉक्टर आल्यात.

सांगता आलं नाही.

सिस्टर, श्रद्धांजली हा शब्द लिहायला हात धजत नाही.
नुसता नमस्कार करते.